तेल सोडलं तरी मुळांवर गाठी परत का येतात? शेडनेटमधल्या सूत्रकृमींचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. शेडनेटमध्ये काकडीचं किंवा ढोबळीचं तिसरं-चौथं पीक. झाडं उन्हाच्या वेळी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. विद्राव्य खतं देऊनही पानांना काळोखी येत नाही. एखादं झाड उपटलं की मुळांवर गाठीच गाठी. त्या बहुधा सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमींच्या. मग कोणीतरी लवंग तेल, दालचिनी तेल किंवा एखादं 'हर्बल निमॅटिसाइड' (वनस्पतिजन्य सूत्रकृमीनाशक) सुचवतं. ते ठिबकमधून सोडलं जातं, आठवडाभर झाड तरतरीत दिसतं, कधी माती तपासणीचा आकडाही खाली येतो. पुढच्या महिन्यात गाठी पुन्हा तशाच, नाहीतर आधीपेक्षा मोठ्या.

यावरून दोन टोकाचे निष्कर्ष निघतात. एक म्हणजे तेलं बोगस आहेत. दुसरा म्हणजे डोस कमी पडला, आता दुप्पट सोडू. पहिला चुकीचा आहे आणि दुसरा अर्धाच खरा. सुगंधी तेलांचा सूत्रकृमींवर परिणाम होतो. पण ती मातीत मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांवर काम करतात, मुळाच्या आत बसलेल्या मादीवर नाही. तेही तेल पुरेशा तीव्रतेने पिल्लांपर्यंत पोचलं तरच. गाठी परत येण्याची जवळजवळ सगळी कारणं या दोन गोष्टींत सापडतात.

आधी गाठ कसली आहे ते बघा

काकडी, टोमॅटो, ढोबळी, जरबेरा, डाळिंब या पिकांत मुळावरची गाठ बहुधा मेलॉयडोगायनी गटातल्या सूत्रकृमीची असते. ही गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग, त्यामुळे बोटाने खरवडून निघत नाही. शेंगवर्गीय पिकात रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, सहज सुटते आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. गाठी अजिबात नसतील आणि झाड तरीही सुकत असेल, तर आधी फ्युजारियम बुरशीची मर (झाड वाळवणारा रोग) किंवा तुंबलेलं पाणी तपासा. अर्थात मर आणि सूत्रकृमी अनेकदा जोडीने असतात, कारण सूत्रकृमीने केलेल्या जखमेतून बुरशीला वाट मिळते. डाळिंबवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तपासणीचा आकडा का फसवतो

तेल सोडल्यावर चार दिवसांनी माती तपासली, सूत्रकृमी निम्म्यावर आले, म्हणून सगळे खूश. इथे प्रयोगशाळेची पद्धत समजून घ्यायला हवी. माती चाळण्यांतून धुऊन घेतात, उरलेला गाळ जाळीवर पातळ कागदावर ठेवतात आणि खाली पाणी ठेवतात. जिवंत, हालचाल करणारे सूत्रकृमी कागदातून वळवळत खाली पाण्यात उतरतात आणि तेवढेच मोजले जातात. तेलाने गुंगलेला सूत्रकृमी वरच राहतो, म्हणून तो आकड्यात येत नाही. पण तो मेलेला असतोच असं नाही. कमी तीव्रतेच्या तेलात पिल्लू नुसतं निपचित पडतं आणि स्वच्छ पाणी मिळालं की पुन्हा हलू लागतं. शेडनेटमध्ये ते स्वच्छ पाणी आपणच दुसऱ्या दिवशी ठिबकने देतो.

अंडीही या आकड्यात येत नाहीत. मादी एका चिकट जेलीच्या पुंजक्यात अंडी घालते, साधारण २०० ते ५००. हा पुंजका बहुधा गाठीच्या पृष्ठभागावर असतो आणि जेलीमुळे अंड्यांना चांगलं संरक्षण मिळतं. पोहणारी पिल्लं ज्या तीव्रतेला मरतात, त्या तीव्रतेला पुंजक्यातली अंडी बऱ्याचदा तग धरतात.

म्हणून तेल सोडल्यानंतर किमान तीन आठवडे थांबून नमुना द्या. नमुना १५ ते २० सेंमी खोलीवरून, पांढऱ्या मुळ्यांच्या जवळून, थोड्या मुळांसकट घ्या. पिशवी उन्हात ठेवू नका आणि माती वाळवू नका, कारण वाळलेल्या मातीत मोजण्यासारखं काही उरत नाही. प्रयोगशाळेला सूत्रकृमींच्या संख्येसोबत मुळांचा गाठ निर्देशांकही (मुळांवर गाठी किती, त्याचा अंक) मागा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारं अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र आहे. जवळचं कृषी विज्ञान केंद्र नमुना कुठे पाठवायचा ते सांगू शकेल.

प्रयोगशाळा लांब असेल तर याहून साधी चाचणी आहे. बेडमधली माती कुंडीत भरा, काकडीचं बी लावा, चार आठवड्यांनी रोप हलक्या हाताने धुऊन मुळं बघा. गाठी असतील तर त्या मातीत जिवंत पिल्लं आहेत, कागदावरचा आकडा काहीही सांगो. चाचणी फुकट आहे. मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

डोसाचं गणित करून बघा

इस्राएलमधल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेलं काम या विषयात अजून उपयोगी पडतं. त्यांनी मसाल्याच्या आणि सुगंधी वनस्पतींची २७ तेलं गाठी करणाऱ्या सूत्रकृमीवर तपासली. लिटरमागे १००० मायक्रोलिटर तीव्रतेला त्यांतल्या १२ तेलांनी ८० टक्क्यांहून जास्त पिल्लं निश्चल केली. म्हणजे अर्ध्याहून अधिक तेलं त्या तीव्रतेलाही तेवढी चालली नाहीत. चांगली ठरलेली तेलं त्यांनी रेताड मातीत किलोमागे १०० आणि २०० मिलिग्रॅम मिसळली, तेव्हा काकडीच्या रोपांवरच्या गाठी कमी झाल्या. पीक काकडीच होतं, म्हणून ही तुलना आपल्याला बरोबर लागू पडते.

आता आपल्याकडचा हिशेब. बेड ३० मीटर लांब, ९० सेंमी रुंद, उपचाराची खोली २० सेंमी. त्यात ५.४ घनमीटर माती, म्हणजे जवळपास साडेसहा टन. किलोला १०० मिलिग्रॅम धरलं तर एका बेडला सुमारे ६५० ग्रॅम शुद्ध तेल लागतं. १० गुंठ्यांत असे वीस-बावीस बेड बसतात, म्हणजे तेरा-चौदा किलो तेल. बाटलीवर एकरी १ लिटर लिहिलंय असं धरा. मग १० गुंठ्यांना २५० मिलि आणि एका बेडच्या वाट्याला ११-१२ मिलि. म्हणजे किलोमागे पावणेदोन मिलिग्रॅम! वर बाटलीतला सगळा द्रव तेलच असतो असंही नाही.

इस्राएलची चाचणी रेताड मातीतली होती हेही विसरू नका. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती जास्त, त्यात बेड भरताना शेणखत सढळ हाताने घातलेलं. सेंद्रिय पदार्थ तेल धरून ठेवतो, त्यामुळे सूत्रकृमीपर्यंत पोचणारं तेल आणखी कमी होतं. जिवाणू त्याचं विघटन करतात आणि उरलेलं उडून जातं. आठवड्याभराने मातीत तेलाचा अंश शोधावा लागतो.

या गणितावरून 'तेल परवडत नाही' असं ठरवून मोकळं व्हायची गरज नाही. पूर्ण बेडला तेल देणं परवडत नाही, एवढंच खरं. रोपाला पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याच्या खड्ड्यातली दोन-तीन किलो माती स्वच्छ मिळाली तरी पिकाचा पाया बसतो. तीन किलो मातीला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने खड्ड्यामागे ०.३ ते ०.६ ग्रॅम तेल लागतं. १० गुंठ्यांत काकडीची अडीच हजार झाडं धरली तर पाऊण ते दीड किलो. खड्ड्याला अर्धा लिटर पाणी द्यायचं असेल तर द्रावण ६०० ते १२०० पीपीएमचं (लिटरमागे तितके मिलिग्रॅम) झालं. वरच्या अभ्यासातली तीव्रता साधारण इथेच होती.

टाकीत तेल गेलं कुठे

तेल पाण्यात विरघळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि टाकीपाशी सगळे विसरतात. गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं. लवंगेचं आणि दालचिनीच्या सालीचं तेल पाण्याहून जड असतं, ते तळाशी बसतं. टाकीच्या तळातून उपसा असेल तर लवंग तेलाचा पहिला लोट पहिल्या काही झाडांना मिळतो आणि ती मुळं होरपळतात. मागच्या लॅटरलला (ठिबकच्या नळीला) नुसतं वासाचं पाणी जातं. 'दोन ओळी जळाल्या, बाकीच्यांना काहीच झालं नाही' अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असतं.

उपाय कंटाळवाणा पण साधा आहे. आधी कोरड्या भांड्यात तेल आणि इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) एकत्र घोटा. पॉलिसॉर्बेट ८० हा सहज मिळणारा प्रकार, तेलाच्या निम्मा ते तेलाइतका. त्यात थोडं थोडं पाणी घालत दुधाळ द्रावण (इमल्शन) करा आणि मगच टाकीत ओता. त्यातला एक ग्लास अर्धा तास बाजूला ठेवा. वर किंवा खाली तेलाचा थर दिसला तर ते ठिबकमध्ये सोडू नका. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. तिने फेस होतो आणि मुळांना वेगळाच त्रास.

ओव्याचं तेल वापरणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. त्यात थायमॉल भरपूर असतं आणि दुकानात ओव्याचं फूल म्हणून मिळतं तेही थायमॉलच. थंडीत, गार पाण्यात त्याचे खडे बनू शकतात आणि ड्रिपर चोंदतात. तेल दिल्यावर लॅटरल साध्या पाण्याने फ्लश करा. तीव्र तेल रबरी वॉशरमध्ये रात्रभर राहिलं तर वॉशर फुगतात. खरं तर खड्डा-उपचाराला ठिबक लागतच नाही. मजुराच्या हातात मापाचा मग द्या, काम जास्त नेमकं होतं.

बाटलीत नक्की काय आहे

निंबोळी तेल, करंज तेल, मोहरीचं गोडं तेल ही सुगंधी तेलं नव्हेत. ती स्थिर तेलं, त्यांचं काम वेगळं. सुगंधी तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघतं आणि उडून जातं. कागदावर थेंब टाकून एक-दोन दिवस ठेवा. तेलकट डाग कायम राहिला तर त्यात स्थिर तेल मिसळलंय असं समजा. ही चाचणी ढोबळ आहे, पण स्वस्त भेसळ तिच्यात पकडली जाते.

तेलाचं नाव पाहण्यापेक्षा त्यातला मुख्य घटक विचारा. लवंगेत युजेनॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, पण दालचिनीच्या पानांच्या तेलात पुन्हा युजेनॉलच. गवती चहात सिट्रल, पामारोजात जिरॅनिऑल, बडीशेपेत अ‍ॅनेथॉल. लसणाचं काम गंधकयुक्त सल्फाइडांमुळे होतं. साबण-अगरबत्तीसाठी मिळणारं 'सुगंधी कंपाउंड' यांपैकी कशातच बसत नाही. विक्रेत्याला प्रत्येक खेपेचा विश्लेषण अहवाल मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

युरोपात जिरॅनिऑल आणि थायमॉल यीस्टच्या पोकळ पेशींत भरून बनवलेलं सूत्रकृमीनाशक नोंदणीकृत आहे. पेशी ओली झाली की तेल हळूहळू बाहेर येतं. तिथे लसणाच्या अर्काचे दाणेदार प्रकारही वापरले जातात. या उत्पादनांची मेहनत तेल शोधण्यावर झालेली नाही, ते मातीत टिकवण्यावर झाली आहे. आपण नेमकं तेच सोडून देतो. आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि सूत्रकृमी मारण्याचा दावा करून काही विकायचं तर नोंदणी लागते. बाटलीवर 'जैव-उत्तेजक' लिहिलेलं आणि तोंडी दावा सूत्रकृमीचा असेल, तर त्या दाव्याला लेबलचा आधार नाही.

एकदा सोडून भागत नाही, का

जमिनीचं तापमान २७-२८ अंशांच्या आसपास असलं की अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचं चक्र २५ ते ३० दिवसांत पूर्ण होतं. शंभर दिवसांच्या काकडीत तीन पिढ्या निघतात. मेलॉयडोगायनी इनकॉग्निटाच्या मादीला अंडी घालायला नर लागत नाही.

ढोबळ हिशेब मांडू. एका मादीची ३०० अंडी, त्यांतली शंभरात पाच जरी मुळात शिरून मोठी झाली तर १५ माद्या. दुसऱ्या पिढीत २२५, तिसऱ्या पिढीत ३३७५. आता तेलाने पहिल्या पिढीतली ८० टक्के पिल्लं मारली, तर १५ ऐवजी ३ उरतात. पण पुढच्या दोन पिढ्यांना मोकळं सोडलं तर शेवटी ६७५. प्रत्येक पिढीवर तेवढाच मार बसला तर २७. शेतात पिढ्या अशा ओळीने येत नाहीत, अंडी मागेपुढे फुटतात, म्हणून आकडे शब्दशः घेऊ नका. एक उपचार झाला की महिन्याभराने पीक पुन्हा का माना टाकतं, ते मात्र यातून कळतं.

अडचण अशी की उभ्या पिकात १००० पीपीएमचं लवंग तेल देता येत नाही. लवंग तेल काही देशांत तण जाळायला वापरतात, ते तुमच्या पांढऱ्या मुळीला ओळख दाखवणार नाही. म्हणून जोरदार मात्रा लागवडीआधी. त्यानंतर सात ते दहा दिवस थांबा. मग त्या मातीत मेथी किंवा मूग पेरून बघा, उगवण नीट झाली तरच रोप लावा. उभ्या पिकात द्यायचंच असेल तर बरीच सौम्य मात्रा, आधी चार-सहा झाडांवर आणि तीन दिवस निरीक्षण करून. त्यात फायदा मर्यादितच असतो, हे धरून चला.

तेल आणि ट्रायकोडर्मा एकाच टाकीत

हे सर्रास चालतं. थायमॉल, सिनॅमाल्डिहाइड, युजेनॉल हे तिन्ही बुरशीलाही मारतात. ट्रायकोडर्मा, पोकोनिया, पर्प्युरिओसिलियम या मित्रबुरशीच आहेत. एका टाकीत घातलं तर तुम्ही पैसे देऊन आणलेली बुरशी पैसे देऊन आणलेल्या तेलाने मारता. तेल आधी द्या, आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा, मग निंबोळी पेंडीवर वाढवलेली जैविकं द्या. त्या वेळी मातीत त्यांना स्पर्धाही कमी असते.

परत येण्याच्या वाटा

इथे तेलाचा संबंध संपतो, पण तेलाला दोष मात्र याच गोष्टींमुळे लागतो. पीक संपलं की वेल कापून नेतात आणि मुळं बेडमध्येच ठेवतात. प्रत्येक गाठीत अंड्यांचे पुंजके असतात आणि मुळाच्या आत तेल पोचत नाही. मुळांसकट उपटा, शेडबाहेर नेऊन जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. शेडच्या कडेची कामोनी, माठ, घोळ ही तणं उपटून त्यांची मुळंही बघा. पीक नसताना सूत्रकृमी यांच्यावर जगतात.

दुसरी वाट रोपांची. मातीत वाढवलेलं रोप किंवा आधी वापरलेला कोकोपीट. नर्सरीतून ट्रे उतरवताना चार-पाच रोपं काढून मुळं धुऊन पाहा, नर्सरीवाल्याला राग आला तरी चालेल. तिसरी वाट बाहेरून आणलेल्या लाल मातीची. शेडनेट उभारताना ट्रकने माती येते, ती कोणत्या बागेतली हे कोणी विचारत नाही.

क्रम कसा लावायचा

पीक एप्रिल-मेमध्ये रिकामं होईल असं नियोजन जमत असेल तर पहिलं काम सौरनिर्जंतुकीकरणाचं. बेड ओलवून पारदर्शक पातळ प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. काळं मल्चिंग यासाठी चालत नाही. त्यानंतर खड्डा-उपचार, वाफसा असताना आणि संध्याकाळी. तेल दिल्यावर खड्डा मातीने किंवा मल्चिंगने झाका, नाहीतर वास शेडमध्ये आणि औषध हवेत. दोन पिकांच्या मध्ये वेळ असेल तर झेंडू दाट लावा, किमान दोन महिने. त्याची जिवंत मुळंच काम करतात, कडेला शोभेला लावलेल्या दहा झाडांनी काही होत नाही. टोमॅटोत प्रतिकारक वाण मिळतात, पण त्यांतला प्रतिकार देणारा एमआय जनुक जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो. उन्हाळी लागवडीत त्याच्या भरवशावर राहू नका.

हातमोजे आणि चष्मा घाला. दालचिनी आणि लवंगेचं शुद्ध तेल कातडीला भाजतं, आणि बंद पॉलिहाउसमध्ये वाफेने डोळे चुरचुरतात. शेततळ्यात मासे असतील तर उरलेलं द्रावण किंवा टाकी धुतलेलं पाणी तिकडे जाऊ देऊ नका. लवंगेतलं युजेनॉल माशांना भूल द्यायला वापरतात, जास्त झालं तर ते मरतात.

डाळिंबाची जुनी बाग आणि गाठींनी भरलेली मुळं असतील तर सुगंधी तेलावर पैसे घालू नका. तिथे माद्या मुळात बसल्या आहेत आणि मातीचं आकारमान फार मोठं आहे. फ्लुओपायरमसारखं नोंदणीकृत औषध लेबलवर तुमचं पीक असेल तरच घ्या, काढणीपूर्व कालावधी पाळा, सोबत निंबोळी पेंड आणि जैविकं. फोरेट हे जुनं दाणेदार कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, जुनं पोतं कोणी काढून दिलं तरी घेऊ नका. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं वेळापत्रक बघून मगच ठरवा.

शेडनेटवाल्यांनी पहिल्या खेपेला दोन बेड बिनतेलाचे सोडावेत, एक कडेचा आणि एक मधला. तीस-पस्तीस दिवसांनी उपचाराच्या आणि बिनउपचाराच्या बेडमधली प्रत्येकी पाच झाडं उपटून मुळं शेजारी ठेवा आणि गाठी ० ते ५ च्या मापावर मोजा. फरक एक अंकापेक्षा कमी असेल तर आधी इमल्शन आणि मात्रा तपासा. ती दोन्ही ठीक असतील तर त्या मातीत ते तेल चालत नाही. पुढच्या वेळी घटक बदला.